ओझ्याचं विज्ञान

३ जुलै २०२५, गुरुवार

आजपासून रोजनिशी. वही म्हणजे शाळेच्या लॅबमधलं कोरं प्रॅक्टिकल जर्नल. कोपरा वाळवीने खाल्लाय, कुणी मागणार नाही. कुणाला दाखवायची नाही. शेवंतीला तर नाहीच नाही.

कारण मोठं आहे. डिचोलीच्या ह्या शाळेत मी सत्तावीस वर्षं लॅब असिस्टंट. टेस्ट ट्यूब धुता धुता किती बायोलॉजी कानावरून गेली, पण डोक्यात शिरली ती आज. नवीन गौरवी मॅडम बारावीला सांगत होत्या, माणूस असा का वागतो त्याची मुळं लाखो वर्षांपूर्वीच्या जंगलात आहेत. राग, भीती, गोडाची हाव, पोटच्या पोराची माया, शेजाऱ्याबद्दलची जळजळ. सगळं उत्क्रांतीतून आलेलं. मी बीकर हातात धरून उभाच राहिलो. बावन्न वर्षं उगाच नशिबाला आणि शेवंतीच्या माहेराला दोष देत होतो!

उदाहरणार्थ. मे महिन्यात आमच्या सेजलचं लग्न झालं. एकुलती एक, हरमलला दिली. शेवंती अजून तिचे जुने ड्रेस कपाटातून काढते, पुन्हा घडी घालते आणि रडते. मी नाही. पिल्लू मोठं झालं की घरटं सोडतं, ही निसर्गाची रीत. मला काहीही वाटत नाही.

संकल्प १: सेजलला फोन फक्त रविवारी. पाच मिनिटं.

संकल्प २: चहा बिनसाखरेचा. डॉक्टरने सांगितलंय म्हणून नव्हे, समजून उमजून.

४ जुलै, शुक्रवार

सेजलला फोन केला. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूने बंद होतो ते तिलाच ठाऊक. तिने सांगितलं. मग जेवलीस का, काय जेवलीस, बांगडा कुणी साफ केला, तिथे पाऊस कसा, एवढंच. बावीस मिनिटं. टाकी तोवर वाहून गेली.

५ जुलै, शनिवार

फोन. (कारण: कालच्या व्हॉल्व्हबद्दल थँक्यू म्हणायचं राहिलं होतं.)

१२ जुलै, शनिवार

लॅबमधला जुना चार्ट मोडीत निघाला. तोच, माकडापासून माणूस, सहा जण एकामागून एक चाललेले. घरी आणून हॉलमध्ये लावला. शेवंती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, चौथ्याचं पोट तुमच्यासारखं आहे. मी शांत राहिलो. राग येणं हे आदिम आहे.

संध्याकाळी राग आला.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

पातोळ्या. हळदीच्या पानात वाफवलेल्या, आत गूळखोबरं. आपल्या पूर्वजांना जंगलात गोड फळ क्वचित मिळायचं, म्हणून दिसलं की पोटभर खाऊन घ्यायची सवय जडली. आता फळांची टंचाई नाही, सवय मात्र राहिली. एकदा हे कळलं की माणूस त्या सवयीचा गुलाम राहत नाही.

हे शेवंतीला समजावता समजावता सहा खाल्ल्या. सेजलच्या वाट्याच्या दोन कुणीतरी खायलाच हव्या होत्या. आठ.

३ ऑगस्ट, रविवार

खरा विषय आज लिहितो. चवथ जवळ आली.

आमचा गणपती दीड दिवसाचा. हरमलच्या व्याह्यांचा, गोपाळरावांचा, पाच दिवसांचा. लग्नानंतरची पहिली चवथ सुनेने सासरीच करायची, त्यात बोलायला जागा नाही. म्हणजे सेजल येणार नाही. ठीक आहे. निसर्ग.

फक्त एक अडचण आहे. माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, फुलं, वेली बांधतात. सेजल सहा वर्षांची असल्यापासून ते काम आम्हा दोघांचं. ती स्टुलावर, मी खाली. मी एकेक नाव सांगत वर द्यायचो, ही कांगली, हे कवंडाळ, हे शेरवड, आणि ती गाठ मारायची. मला गाठी येत नाहीत, वर बघितलं की चक्कर येते. हा निव्वळ तांत्रिक प्रश्न आहे. भावनेचा काही संबंध नाही.

ती यायला हवी. अर्धा दिवस तरी.

१० ऑगस्ट, रविवार

उपाय सापडला! गौरवी मॅडमनी वर्गात सांगितलं की काही पक्षी खोटीच धोक्याची हाक देतात. बाकीचे घाबरतात, आणि हाक देणाऱ्याचं काम होतं. किती सोपं. पोर एकदा घाबरून धावत आली की चवथीचं बोलणं समोरासमोर काढता येईल.

उद्या माझी कंबर धरणार आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

रजा टाकली. सकाळी नऊ वाजता कंबर धरली. सेजलला बारीक आवाजात फोन केला. ती घाबरली. (सिद्धान्त बरोबर!)

साडेअकराला अंगणात स्कूटर थांबली. जावई, स्वप्नील. एकटाच. भर पावसात हरमलहून दीड तास. सासूला ताप आहे म्हणून सेजलने ह्याला पाठवलं. स्प्रे, गरम पाण्याची पिशवी आणि कसलंसं आयुर्वेदिक तेल. मी नको नको म्हणत असताना स्वप्नीलने मला पालथं घातलं आणि अर्धा तास पाठ चोळली. शेवंती दारात उभी राहून बघत होती. तिला सगळं माहीत होतं, तरी थांबवलं नाही. उलट म्हणाली, जरा जोरान चोळ रे बाबा.

जाताना स्वप्नीलने विचारलं, तुमचा दीडच दिवस ना? मी हो म्हटलं. उंबरठा ओलांडताना पुन्हा, नक्की दीडच ना बाबा?

दोनदा! हसत!

आता कंबर खरंच दुखतेय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

विचार करून लक्षात आलं. दोनदा का विचारलं? पाच विरुद्ध दीड. तरुण नर आपलं मोठेपण असंच जुन्या नराच्या तोंडावर मिरवतो. मोर पिसारा दाखवतो, वानर दात दाखवतो, हा दिवस दाखवतो. वरून तेल चोळायचं! चांगला मुलगा वाटला होता.

गौरवी मॅडमना सहज विचारलं (नावं न घेता). त्या म्हणाल्या, शिवदासबाब, एवढं सरळ नसतं हो. कदाचित त्याला साधं विचारायचंच असेल. आणि कारण कळलं म्हणून माणसाचं वागणं बदलतंच असंही नाही.

अजून लहान आहेत. शिकतील.

१७ ऑगस्ट, रविवार

निर्णय. आमचा गणपती ह्या वर्षी सात दिवसांचा!

हिशेब असा. त्यांचा पाचव्या दिवशी पोचतो, म्हणजे विसर्जन होतं, एकतीस तारखेला. मग सेजल मोकळी. आमचा दोन सप्टेंबरपर्यंत घरात. माहेरी गणपती बसलेला असताना सुनेला कोण अडवणार? एक तारखेला सेजल इथे. एका दगडात स्वप्नीलचा पिसाराही खाली.

शांतारामभटांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, वाढवा की, देवाचं काम. पण शिवदास, एकदा वाढवलेले दिवस मागाहून कमी करायचे नसतात हां. यंदा सात म्हणजे दरसाल सात. मी म्हटलं, चालेल. एवढं काय घाबरायचं?

शेवंतीला सांगितलेलं नाही. सेजललाही नाही. सरप्राइज.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आता ओझं. पहिल्या चवथीला माहेरहून मुलीच्या सासरी ओझं जातं. नेवऱ्या, लाडू, फळं, नारळ. सासरचे ते घरोघर वाटतात, म्हणजे कुणाच्या माहेरहून काय आलं ते अख्ख्या वाड्याला कळतं. मोराचा पिसाराच हा! खायला प्यायला काही उपयोग नाही, नुसता देखावा. शेवंतीला सांगितलं, आपण शिकलेली माणसं. एक टोपली. प्रतीकात्मक.

शेवंती म्हणाली, तुमकां पिशें लागलां. आणि दहा किलो बेसन मागवलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सेजलची सासू, शालिनीबाई, शेवंतीशी फोनवर बोलत होती. त्यांच्या शेजारच्या सुनेचं ओझं म्हणे पिकअपमधून यायचंय.

पिकअप!

पिसाऱ्याबद्दल फेरविचार केला. मोर काही मूर्ख नाही. पिसारा नसलेल्या मोराकडे कोण बघतं? उद्या त्या वाड्यावर आमच्या पोरीला कुणी हसलं तर? पिकअप सांगितली. मोठी.

२४ ऑगस्ट, रविवार

माटोळीचं सामान बाजारातून आणायचं नाही असं ठरवलं. लाखो वर्षं पुरुष रानात गेला आणि टोळीसाठी घेऊन आला. ते रक्तात आहे. फक्त जागं करायचं.

सकाळी सात वाजता डोंगरावर. सव्वासातला पहिली जळू. साडेसातला चपला चिखलात गेल्या, एकच परत आली. आठ वाजता कांगल्यांचा वेल दिसला, उंच, फळं टोकाला. वर बघितलं, चक्कर. पूर्वी इथे सेजल चढायची. झाडाखाली थोडा वेळ बसलो. विशेष काही विचार केला नाही.

घरी साडेनऊला. हातात दोन आंबाडे, तेही रस्त्यावर पडलेले.

२५ ऑगस्ट, सोमवार

डिचोलीच्या बाजारात गेलो (सहज). डोंगरातल्या बायका माटोळीचं सगळं सामान घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या. भरपूर घेतलं. घराच्या अलीकडे थांबून पानांवर थोडी माती लावली. शेवंतीला म्हटलं, पहाटे पुन्हा डोंगरावर गेलो होतो.

तिने कांगल्यांची जुडी उचलली. केळीच्या सोपाने छान बांधलेली. म्हणाली, हल्ली रानात जुड्या बांधूनच येतात वाटतं.

सोप काढायचं राहिलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

ओझं पोचवलं. अकरा टोपल्या, केळ्यांचे चार घड, नारळ, फणसाएवढा एक चिबूड. हरमलच्या त्या अरुंद रस्त्यात पिकअप अडकली आणि भाड्याच्या स्कूटरवरचे पाच रशियन मागे खोळंबून राहिले. अख्खा वाडा गोळा झाला. शालिनीबाई बघतच राहिल्या. शेजाऱ्यांची पिकअप छोटी होती. मी स्वतः बघितली.

सेजल आतून पळत आली. हिरवी साडी. हातभर बांगड्या. जरा बारीक वाटली. म्हणाली, बाबा, एवढं कशाला आणलंत? मग आम्हाला कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसवून कपबशीत चहा दिला. घरी आम्ही ग्लासात पितो. माझ्या चहात साखर नव्हती. तिच्या लक्षात होतं.

तीही काहीतरी लपवत होती. सारखी स्वप्नीलकडे बघून हसायची. असो. माझं सरप्राइज जास्त मोठं आहे.

घरी आल्यावर हॉलमधला चार्ट दिसेना. शेवंती म्हणते, टोपलीत तळाला घालायला जाड कागद हवा होता.

२७ ऑगस्ट, बुधवार. चवथ

माटोळी मीच बांधली. वर न बघता. स्टूल शेवंतीने धरलं. एकेक नाव मोठ्याने म्हटलं, सवयीने, आणि खालून कुणी हुं म्हटलं नाही. बारा गाठी.

शांतारामभटांनी संकल्पात सात दिवस म्हटलं तेव्हा शेवंतीला कळलं. भटजी जाईपर्यंत ती थांबली. मग बोलली. दोन माणसांचं घर, सात दिवस दोन वेळचा नैवेद्य, समई विझू द्यायची नाही, घराला कुलूप लावायचं नाही, कोण करणार? ती करणार. विचारलं का तिला? नाही.

मी बेत समजावून सांगितला. एक तारखेला सेजल येणार म्हटलं. मग डोळे पुसून म्हणाली, येत जाल्यार बरें. तिला माझी योजना पटली आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

सकाळी नऊ वाजता स्वप्नील कार घेऊन दारात. धुतलेली. पुढे झेंडूची माळ. म्हणाला, काल तुमचा गणपती पोचला असेल ना? चला, बॅग भरा दोघांनी. सेजलने सासूला विचारून महिनाभरापूर्वीच ठरवलेलं. चवथीत टुरिस्ट कमी, त्यांच्या भाड्याच्या खोल्यांतली समुद्राकडची मोकळी. आईबाबांचा दीड दिवसाचा, तिसऱ्या दिवसापासून ते आमच्याकडे राहायला. पाचव्या दिवसापर्यंत सगळे एकत्र. आणि त्यांची माटोळी तिने मुद्दाम अर्धीच बांधली होती. उरलेली बाबांनी नावं सांगायची, तिने बांधायची.

म्हणून त्या दिवशी दोनदा विचारलं पोराने. नक्की दीडच ना?

मग त्याची नजर आत गेली. आमचा गणपती, शांतपणे बसलेला. पुढे समई.

मी म्हटलं, सात दिवसांचा केलाय. तो म्हणाला, अरे देवा.

मी शेवंतीला मोठ्या मनाने म्हणणार होतो, तू तरी जा. तोवर ती कारमध्ये बसली होती.

३० ऑगस्ट, शनिवार

एकटा. नैवेद्याचा भात लागला. आरती केली. उजव्या हातात निरांजन, डाव्यात घंटा. टाळ्या वाजवायला तिसरा हात हवा होता, तो उत्क्रांतीने दिला नाही. मोबाइलवर आरती लावली, मध्येच जाहिरात लागली, कसल्याशा गाद्यांची.

दुपारी माटोळीतलं तोरिंजनाचं फळ गाठ सुटून खाली पडलं. उंदराच्या अगदी शेजारी. हे न्यूटनचं, आपल्या विषयात येत नाही.

शेवंतीचा फोन, दोन मिनिटं. मागे समुद्राचा आवाज आणि दोघींचं हसणं. काय हसता विचारलं तर म्हणाली, काय ना.

नेवऱ्या खाल्ल्या. मोजल्या नाहीत.

३१ ऑगस्ट, रविवार

पाचवा दिवस. आज त्यांचा पोचणार. सकाळपासून घर झाडलं. जनेलांच्या काचा पुसल्या. सेजलची खोली उघडून गादी बदलली. उद्या येणार. तेवढ्यासाठीच केलं सगळं, आता वहीत खोटं कशाला लिहू? हवी आहे मला ती इथे. माझी पोर आहे.

संध्याकाळी सहाला फोन. सेजल. खुशीत. म्हणाली, बाबा, गंमत ऐका. तुमचं ओझं एवढं मोठं की दोन वाडे वाटून झाले तरी संपेना. आम्ही अजून वाटतोय आणि लोक परतभेटीला येताहेत. त्यात सासूबाईंना कळलं की तुम्ही सात केले. म्हणाल्या, सुनेच्या माहेरी सात आणि आमच्याकडे पाच, बरं दिसतं का? आज सकाळीच भटजींना बोलावलं. आमचा आता नऊ दिवसांचा!

मी म्हटलं, वा.

मग म्हणाली, टोपली रिकामी झाल्यावर तळातून माकडं निघाली. सासऱ्यांनी चार्ट खोल्यांच्या ऑफिसात लावलाय, रशियन लोक त्याच्यासोबत फोटो काढतात.

मी म्हटलं, वा.

पिसाऱ्याला पिसारा. बरोबर आहे. अगदी पुस्तकातल्यासारखं. मॅडमना दाखवायला हवं. मला मात्र काहीच करता येत नाही. बसलोय.

१ सप्टेंबर, सोमवार

कुणी आलं नाही. समईत तेल घातलं, चार वेळा.

२ सप्टेंबर, मंगळवार

शेवंती दुपारी आली. जावयाने कारने सोडलं आणि पोचवायला तोही थांबला. गणपती ओढ्यापर्यंत त्यानेच उचलला, माझी कंबर आहे म्हणून. मला त्याला काही सांगायचं होतं. माफ कर वगैरे. एवढंच म्हटलं, सावकाश, दगड निसरडे आहेत.

घरी आल्यावर शेवंतीने सांगितलं, त्यांच्याही भटजीने तेच सांगितलंय. वाढवले ते कमी होत नाहीत. म्हणजे दरसाल त्यांचे नऊ, आमचे सात. मी मनात अकरा करून बघितले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, खबरदार.

सेजल फार खूश आहे म्हणाली. पुढच्या वर्षीही समुद्राकडची खोली काढून ठेवणार आहे. आईसाठी.

मग पिशवीतून डबा काढला. वर आमच्याच ओझ्यातले लाडू. खाली नाचणीचे वेगळे, बिनसाखरेचे, आणि एक कागदाची पुडी. आत कांगल्या. साध्या दोऱ्याने बांधलेल्या, तिचीच गाठ. पुडीवर लिहिलेलं: बाबा, मी स्वतः डोंगरावर चढून काढल्या. विकतच्या नाहीत. पुढच्या वर्षी तुमच्या माटोळीला, वाळल्या तरी चालतील.

शेवंतीने तिला सोपाची गोष्ट सांगितली असणार.

रडलो. चांगला दहा मिनिटं, स्वयंपाकघरात, नळ सोडून. ह्या रडण्याचा आपल्या पूर्वजांना नेमका काय फायदा झाला असेल, ते गौरवी मॅडमना विचारायचं आहे. उद्या शाळा सुरू.